अक्का, तुमची धाकटी बोलतेय

अक्का, तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून या घरात मला कुणी धाकटी म्हणत नाही. तुमच्या धाकट्या दिराची बायको म्हणून सत्तेचाळीस वर्षांपूर्वी जे नाव मला चिकटलं, ते एका दिवसात गळून पडलं. भेटायला येणाऱ्या बायका दारातनंच विचारतात, "थोरल्या कुठं हाईत?" आणि तुमची सून रेश्मा माझ्याकडं हात करते. पहिल्या दिवशी मी मागं वळून बघितलं. वाटलं, तुम्हीच मागं उभ्या असाल, पदर खोचून, म्हशीच्या आंबोणाची बादली हातात घेऊन, आणि आता म्हणाल, "त्या खुळीला काय इचारतासा, मला इचारा की."

कुणी म्हणालं नाही. बायका आत आल्या, माझ्या गळ्यात पडल्या, रडल्या, आणि मी थोरली झाले. सहासष्टाव्या वर्षी.

तुम्ही कुठं जन्मलात, किती वर्षांच्या झालात, मागं कोण कोण आहे, ते सगळं सुनीलनं पेपरात छापून आणलंय. वर तुमचा फोटो आहे, हसरा. लोक म्हणतात, किती समाधानी चेहरा बघा. त्यांना काय माहीत, सावळी म्हैस फोटोवाल्याची पाठ मागनं चाटत होती आणि त्याला वाटत होतं सुनीलच चेष्टा करतोय, म्हणून तुम्ही हसत होता ते.

मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. तुम्ही असताना दोन्ही जमलं नाही.

कबुलीचं आधी सांगते, नाहीतर मी बोलत बसेन आणि तेच राहून जाईल. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं तेव्हा माझी लेक शैला वारणानगरहून आली. सगळे तुमच्या पाया पडत होते. सुनील पडला, रेश्मा पडली, गल्लीतली माणसं पडली, रोज दुधाला येणारे ते रिटायर मास्तरसुद्धा गुडघे धरत वाकले. शैला दारापाशीच उभी राहिली, हात बांधून. पुढं आलीच नाही. तुम्हाला बाहेर काढलं तेव्हा बाजूला सरकून वाट दिली, बस, तेवढंच. पंचवीस वर्षांचा राग. अक्का, तो राग तुमच्यावर नसायला पाहिजे होता. तो कुणावर पाहिजे होता ते मला एकटीला माहीत होतं, आणि मी तिथंच होते, तुमच्या उशाशी, तोंडाला पदर लावून. एक शब्द बोलले नाही.

मी या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सासूबाई आधीच गेलेल्या. अंगाची हळद निघाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला गोठ्यात नेलं. सात म्हशी, त्यांची ती पाठीवरनं मागं गेलेली लांबच लांब शिंगं. माझ्या माहेरी शेळीसुद्धा नव्हती. मी दाराचा खांब धरून उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "म्हैस हाय, वाघ न्हाय. ये हिकडं." मी येईना. मग तुम्हीच धार काढलीत, फेसाळलेला पेला माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "पी. आन् भ्यायचं काम माझ्याकडं दे. तू फकस्त भाकरी कर."

मला वाटलं, काय देवमाणूस मिळालं! भ्यायचं कामच नाही म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?

तुम्ही तेव्हा पंचवीस वर्षांच्या होता. हे मला आत्ता, पेपरातलं तुमचं वय बघितल्यावर सुचलं. पंचवीस! शैलाची पोरगी तेवीसची आहे. साबुदाणा किती वेळ भिजवायचा हे ती अजून आईला फोन करून विचारते. आणि तुम्ही तेवढ्या वयात सात म्हशी, नवरा आणि दीर, कडेवरचा सुनील आणि वर एक भित्री जाऊ, एवढं सगळं अंगावर घेऊन उभ्या होता. मला वाटायचं तुम्ही मोठ्याच जन्मलात. तुम्हाला कुणी मोठं केलं, कधी केलं, त्या वेळी तुम्हाला काय वाटलं, हे एवढ्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही.

आपल्या दोघींचे नवरे, आता दोघंही नाहीत, स्वभावानं गरीब होते. सकाळी तालीम, मग म्हशी, संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकाला धारोष्ण दूध. घरातलं काही विचारलं की "बायकांचं बायका बघतील." आणि बायका म्हणजे तुम्ही. माझं बाळंतपण माहेरी की इथं, शैलाच्या कानात कुठले डूल, मला गोल साडी नेसू द्यायची की लुगडं, आमच्या खोलीला रंग कुठला, सगळं तुम्ही.

पाच वर्षांपूर्वी माझ्या मोतीबिंदूच्या वेळचं आठवतंय का? डॉक्टरांनी मला विचारलं, "आजी, आधी कुठला डोळा करूया? तुम्हाला कुठल्यानं कमी दिसतं?" मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "उजवा करा." डॉक्टर म्हणाले, "डोळे कुणाचे आहेत, आजी?" तर तुम्ही काय म्हणालात? "हाईत तिचेच. पर बघायचं काम माझ्याकडं हाय." सगळा दवाखाना हसला. मीही हसले. उजवाच डोळा केला. डाव्यानं मला जास्त अंधुक दिसत होतं. ते मला माहीत होतं, पण बोलले नाही.

इथंच माझं भांडण आहे. अक्का, तुम्ही एकदा तरी मला विचारायचं होतं. "धाकटे, तुला काय वाटतंय?" एवढंच. मी म्हणाले असते, "तुमी म्हणाल तसं." ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत होतं, म्हणूनच विचारलं नसेल. तरीसुद्धा विचारायचं होतं. शंभर वेळा विचारलं असतं तर एकशेएकाव्या वेळी माझं तोंड उघडलं असतं का? काय सांगावं. नसतंही उघडलं.

आता शैलाचं.

बारावीनंतर तिचा डी.एड.ला नंबर लागला होता. त्याच आठवड्यात वारणानगरचं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात कायम, कॉलनीत क्वार्टर, घर चांगलं. शैला माझ्यापाशी येऊन रडली, "आई, मला शिकायचंय. तू मोठीआईला सांग." मी सांगते म्हणाले. दोन दिवस मनातल्या मनात वाक्य घोकत होते. अक्का, पोरीला शिकू द्या, दोन वर्षांचाच प्रश्न आहे. भाकरी थापताना म्हणायची, पाणी भरताना म्हणायची. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी चहाचा कप घेऊन गोठ्याकडं आले, तुमच्याशी बोलायला.

तुम्ही बसला होता, चरवी पायांत धरलेली, पण धार काढत नव्हता. म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून बसला होता. आणि तिला म्हणत होता, "काय करू गं? काय करू मी? शिकवली आन् पुढं स्थळ मिळालं न्हाय, तर धाकटी म्हणंल तुमच्या पोरीचं असं केलं असतंसा का? दिऊन टाकली, तर पोरगी जलमभर शिव्या दील. कुणीतरी सांगा की गं मला. कुणी सांगणारंच न्हाय."

मी तुमच्यापासून चार पावलांवर होते. कप हातात. वाक्य तोंडावर आलेलं. तुम्हाला नेमकं तेच पाहिजे होतं, कुणीतरी सांगणारं. आणि मी सांगायलाच आले होते.

मी परत फिरले, अक्का.

चहा मोरीत ओतला आणि कप धुऊन पालथा घातला. का फिरले ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला सगळं कळतं, या एका गोष्टीवर माझं सगळं आयुष्य उभं होतं. तुम्हालाच कळत नसेल, तर मग मला कळायला लागणार. तुम्हीच भ्यायला लागलात, तर ते काम माझ्याकडं परत येणार. मला ते नको होतं. पोटच्या पोरीपेक्षा मला ते नको होतं. हे लिहिताना हात थांबतोय, पण आता लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "पोरगी उजवायची." आणि मी शैलाला सांगितलं, "मोठीआईनं ठरवलं, बाई. माझं काय चालतंय?" तिनं एकदाच विचारलं, "तू बोलली हुतीस का?" मी म्हणाले, "बोलले की. ऐकत्यात व्हय त्या?"

हे माझं खोटं. पंचवीस वर्षं ते तुमच्या नावावर चाललं. शैला माहेरी आली की माझ्याशी बोलायची, तुमच्याशी कामापुरतं. तुम्ही तिच्यासाठी खरवस करून ठेवायचात, ती म्हणायची, पोट बरं नाही. तुम्हाला वाटायचं, स्थळाचा राग आहे, जाईल. कधीतरी मला म्हणालाही होता, "पोरगी माझ्याशी अजून धड बोलत न्हाय गं. माझं चुकलंच तवा." मी काय म्हणाले? "जाऊ द्या हो, तिचा स्वभावच तसला." आणि खरवसाची वाटी मी खाल्ली.

शैलाचं वाईट झालं असं नाही. जावई चांगले आहेत. ती ब्लाउज शिवते, क्लास घेते, कॉलनीतल्या बायका तिला मॅडम म्हणतात. पण शाळेची घंटा ऐकली की ती अजून बोलता बोलता थांबते. मी बघितलंय.

दवाखान्यातला तुमचा शेवटचा दिवस. दुपारच्या वेळी फक्त एकाला आत सोडत होते, सुनीलनं मला पाठवलं. तुम्हाला श्वास पुरत नव्हता, तरी पहिला प्रश्न गोठ्यात उरलेल्या एकुलत्या एका म्हशीचा. "सावळी देती का?"

"देती थोडं," मी म्हणाले. खोटंच. तुम्ही दवाखान्यात गेल्यापासून सावळीनं पान्हा चोरला होता. या वेतात तिचं रेडकू दगावलं, तेव्हापासून ती तुमच्या हाताशिवाय कुणाला दूध देतच नव्हती. गल्लीभर ठाऊक होतं. दिवाळीच्या पाडव्याला सगळ्यांच्या म्हशी शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मालकाच्या मोटरसायकलमागं पळतात. आपली सावळी सुनीलच्या गाडीमागं चार पावलं गेली आणि भर चौकात बसकण मारली. सुनील शिट्ट्या मारतोय, गाडी गुरकावतोय, ही मख्ख. मग तुम्ही गर्दीतनं नुसतं "हे सावळेऽ" म्हणालात आणि ती उठून अशी पळाली की सुनीललाच बाजूला उडी मारावी लागली. लोक ओरडले, "आजी, तुमीच बसा की गाडीवर!" तुम्ही पदर तोंडाला लावलात, पण आतून फुलला होता.

तर दवाखान्यात. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "धाकटे, आता तू बघ."

"मला काय कळतंय, अक्का? तुमी घरी या, मग बघू."

तुम्ही डोळे उघडलेत. "सहासष्ट वर्साची घोडी झालीस. अजून तेच? मला तरी काय कळत हुतं गं?"

तुम्हाला आणखी काहीतरी सांगायचं होतं. तोंडावरची ती नळी बाजूला करून तुम्ही माझा हात धरलात. आणि मी, अक्का, मी म्हणाले, "काहीतरीच तुमचं," आणि गोळ्यांची पिशवी शोधायला लागले. पिशवी समोर स्टुलावर होती. मी खाली वाकून पलंगाखाली शोधत राहिले. तेवढ्यात सिस्टरनं येऊन वेळ संपली सांगितलं. मला बरं वाटलं.

गोठ्यातनं एकदा फिरले, पलंगाच्या कडेवरनं दुसऱ्यांदा. तिसरी वेळ तुम्ही गेल्यावर आली.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी रेश्मानं तुमचे सगळे कपडे धुतले. चांगल्या मनानंच धुतले, ते वासाचं लिक्विड घालून. दुसऱ्या दिवशी शेजारचे म्हातारे गवळी म्हणाले, "अक्कांचं लुगडं नेसवून बसवा कुणालातरी, म्हैस वासावर पान्हा सोडती." वास कुठला राहिलाय? तरी मी नेसले. लुगडं नेसायची सवय मोडून तीस वर्षं झाली. रेश्मा मोबाईलवर बघून मला काष्टा घालत होती आणि दोघी रडत-हसत होतो. मी चरवी घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहिले. मागनं सुनील आला. तुमचं हिरव्या काठाचं लुगडं पाठमोरं बघून त्याच्या तोंडातनं गेलं, "आई..." मग तोंड धुवायला गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, नळाखाली किती वेळ तोंड धूत होता.

पोटचा लेक फसला, पण सावळी फसली नाही. तिनं मला पायापासनं डोक्यापर्यंत हुंगलं, त्या लिक्विडच्या वासानं जोरात शिंकली आणि मान फिरवली. मी सडांना हात लावला, तुम्ही करत होता तसं कुरवाळलं, बोलले, विनवलं. एक थेंब नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं त्या दिवशी थोडं उतरलं. ते म्हणाले, "रोज टोचून चालायचं नाही. कास तटतीय. हिला जागा बदला, हात बदला. लवकर करा, नाहीतर सड जाईल."

सहाव्या दिवशी म्हैस विकत घ्यायला गडमुडशिंगीचे एक पावणं आले. भला माणूस वाटला. त्यांच्या घरी आठ-दहा म्हशी. म्हणाले, "आमच्या म्हातारीच्या हाताला कसली बी म्हैस पान्हा सोडती. आजच न्हेतो. तुमचं समाधान झालं न्हाय तर माघारी आणून बांधतो." सुनील माझ्याकडं वळला. "काकी, तुमी सांगा. आता तुमीच थोरल्या."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. सुनील, रेश्मा, ते पावणं. शैलाही उंबऱ्यात उभी होती. बरोबर काय ते मला दिसत होतं, अक्का. डॉक्टरांनी सांगितलेलं, पावण्यांनी सांगितलेलं, सगळं एकच. पण मनात आलं, सावळीला दारातनं बाहेर काढलं की तुम्ही खरंच गेलात. आणि मी काढली, असं होईल. लोक म्हणतील, अक्का गेल्या आणि धाकटीनं त्यांची म्हैस आठवड्यात घालवली.

मी म्हणाले, "अक्कांचं तेरावं होऊ दे. सुतकात घरचं जनावर दाराबाहेर काढायचं न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पावणं म्हणाले, "बराबर हाय. मोठ्या माणसाचं ऐकाय पायजे." आणि हात जोडून गेले.

असा काही नियम आहे का? मला माहीत नाही. तुम्ही तर सासऱ्यांच्या दहाव्या दिवशी रेडा विकला होता आणि कुणी काही बोललं तर म्हणालात, "रेड्याला काय सुतक?" पण मी म्हणाले आणि घरानं ऐकलं. खरं सांगू? त्या संध्याकाळी मला बरं वाटलं. चक्क छाती फुगली. जन्मात पहिल्यांदा मी एक वाक्य बोलले आणि त्यावर सगळं थांबलं. मला वाटलं, असं असतं होय मोठं होणं? एवढं सोपं? ते ठरवणं नव्हतंच, अक्का. आधी तुमच्या पाठीमागं लपायची, आता तुमच्या सुतकामागं लपले.

अकराव्या दिवशी कास गरम लागायला लागली. मागचा डावा सड दगडासारखा. सावळी पाय झाडायची, खाणं सोडलं. डॉक्टर दोनदा येऊन गेले. तेराव्याला पंगत बसली होती, मी वाढत होते, आणि सुनीलनं मला खुणेनं मागं बोलावलं. डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, "म्हैस वाचली. पण तो सड गेला, आजी. त्यातनं आता कधी दूध यायचं नाही." माझ्या हातात बुंदीचं ताट होतं. ते कुठं ठेवायचं तेच कळेना.

चौदाव्या दिवशी गडमुडशिंगीचे पावणं कबूल केल्याप्रमाणं आले. कास चाचपली, माझ्याकडं बघितलं. चहा घेतला. जाताना सुनीलला हळू म्हणाले, "त्याच दिवशी दिली असतीसा तर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

सावळी अजून गोठ्यात आहे. आटली. रोज दुधाला येणारे मास्तर आता पिशवीचं दूध नेतात आणि वळून गोठ्याकडं बघतात.

आणि कुणी मला ओरडलं नाही. मी वाट बघत होते, अक्का. एक दिवस, दोन दिवस. तुम्ही असता तर आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असता. "जनावराचा जीव घेतीस व्हय गं, नियम काढून?" असं म्हणाला असता. चार दिवस माझ्याशी बोलला नसता. मग पाचव्या दिवशी माझ्या ताटात भाकरी टाकून म्हणाला असता, "खा आता." ते झालं असतं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं असतं. इथं सुनील म्हणतो, "जाऊ दे काकी, तुमी तरी काय करणार." रेश्मा म्हणते, "तुमी रीतीप्रमाणंच केलं, आत्याबाई." किती गोड बोलतात! थोरल्या बाईला ओरडायचं नसतं ना. चूक झाली तरी तिला सांभाळून घ्यायचं. मग तुमच्या किती चुका आम्ही अशा गोड बोलून तुमच्याच पदरात ठेवल्या असतील? तुम्ही त्या घेऊन गोठ्यात जाऊन बसत होता, आणि आम्ही म्हणायचो, अक्का धारेला बसल्यात.

सावळीची माफी मागितली. ती रवंथ करत होती. तुमची मागायची तर तुम्ही नाही. राहिली एकजण.

आज सकाळी अकरा वाजता मी वारणानगरला फोन लावला. मागं शिलाई मशीनचा आवाज येत होता. म्हटलं, "शैले, मशीन बंद कर. एक सांगायचं हाय."

"काय झालं? सावळी गेली का?"

"न्हाय. तुझ्या लग्नाचं."

मी सगळं सांगितलं. चहाचा कप, गोठा, तुम्ही काय म्हणत होता ते शब्दनशब्द. मी किती पावलांवर होते ते. परत फिरले ते. आणि "बोलले की" म्हणाले ते खोटं होतं, ते.

 

"तू बोललीच न्हवतीस?" ती म्हणाली.

"न्हाय."

"मोठीआई मागत हुती की गं, कुणीतरी सांगा म्हणून."

"व्हय."

"मंग तू का न्हाय सांगितलंस?"

"भ्याले."

"तिला?"

"न्हाय. तिला न्हाय. मी सांगितलं असतं आन् तिनं ऐकलं असतं, तर मग पुढचं सगळं माझ्यावर आलं असतं. त्याला भ्याले."

मग ती ओरडली. अक्का, तुमच्यासारखीच ओरडते ती, हे मला आज कळलं. पंचवीस वर्षांचं ओरडली. डी.एड.चं, शाळेचं, तुम्ही केलेल्या खरवसाचं. तिच्या मुलीनं आतनं "आई, काय झालं?" विचारलेलं मला ऐकू आलं, तिलाही "गप बस" म्हणाली. आणि मग आवाज फुटला तिचा.

"पाया पडले न्हाय मी तिच्या! ती पडली हुती समोर आन् मी हात बांधून हुबी हुते. तू बघत हुतीस. तवा तरी बोलायचं हुतंस! आता कुणाच्या पाया पडू मी? सांग की! कुणाच्या पडू?"

 याचं उत्तर तुमच्याकडं तरी असतं की नाही, कुणास ठाऊक. बाहेरून रेश्मा विचारत होती, "आत्याबाई, कुणाचा फोन? मी बोलू का?" मी तिला हातानं नको म्हटलं. पलीकडं शैला रडत होती, मध्येच परत चिडत होती, परत रडत होती. मी फोन कानाला धरून उभी राहिले, तिनं ठेवेपर्यंत.